पाय गेलेला जवान घरी आल्यावर का बिघडतो, आणि घरच्यांनी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. धाकटा भाऊ, २७ वर्षांचा, एलओसीवर पेट्रोलिंगला असताना माइनवर, म्हणजे भूसुरुंगावर, पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्यात उपचार झाले, नकली पाय बसला, तिथून व्हिडिओ कॉलवर हसायचा, चालून दाखवायचा. सिक लीव्हवर गावी आल्यापासून मात्र रात्रभर जागा असतो, पाय कोपऱ्यात उभा करून ठेवलाय, आईवर खेकसतो, नसलेल्या पायाची बोटं पिळवटतात म्हणतो. घरातले म्हणतात तिकडे एवढा खंबीर होता, इथे येऊन लाडावला. आणि त्यात लग्नाची बोलणी चाललीयत.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात हातपाय गमावलेल्या जवानांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बरीच वर्षं काम करतेय. सरळ सांगते, तो लाडावलेला नाहीये. तुम्ही जे लिहिलंय तोच क्रम मी पुन्हा पुन्हा बघते, आधी ठीक आणि घरी गेल्यावर कोसळणं. घरच्यांना वाटतं की जखम भरली, पाय बसला, आता राहिलं काय. मनाचं खरं काम तर तिथून सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या आजूबाजूला ते समजणारं कोणी उरलेलं नसतं.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. अमेरिकेत वॉल्टर रीड हॉस्पिटलमध्ये इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या गंभीर जखमी सैनिकांना पहिल्या, चौथ्या आणि सातव्या महिन्यात तपासलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं. पहिल्या महिन्यात पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराची, लक्षणं जेमतेम ४ टक्क्यांत होती, सातव्या महिन्यात १२ टक्क्यांत. आणि महत्त्वाचं म्हणजे सातव्या महिन्यात ज्यांना पीटीएसडी किंवा डिप्रेशन निघालं त्यातले जवळपास ७९ टक्के लोक पहिल्या महिन्यात दोन्हींत एकदम ठीक निघाले होते. म्हणजे वॉर्डात कोणी सुरुवातीला विचारून "नॉर्मल" असं लिहिलं असेल तर ते खोटं नव्हतं, पण ते त्या दिवसापुरतं होतं. तुमच्या भावाला आता आठ महिने झालेत, तो अगदी त्या टप्प्यात आहे.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं की घरातला अर्धा राग कमी होतो. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासूनचं आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालेलं. तिथे शेजारच्या खाटेवर दोन्ही पाय गेलेला असतो, पलीकडे हात गेलेला, कोणी गढवालचा कोणी नागालँडचा, आणि सगळे एकमेकांची टर उडवत असतात. सकाळी उठायची वेळ ठरलेली, फिजिओ ठरलेला, चालायचा सराव ठरलेला. आपला पाय नाही हे तिथे कोणाला सांगावंच लागत नाही, उलट भेटायला आलेला धडधाकट माणूसच तिथे वेगळा दिसतो. शिवाय शरीराला सतत एक टार्गेट असतं, आज दोन आडव्या दांड्यांना धरून, उद्या काठीवर, परवा पायऱ्या. फौजी माणसाला टार्गेट दिलं की तो जगतो. या सगळ्यात स्फोटाची आठवण मागे दाबून ठेवायला जागा मिळते.

मग तो गावी येतो. घरात भारतीय पद्धतीचा संडास, त्यात पाय घालून नीट बसता येत नाही, पाय काढून एका पायावर बसायचं म्हणजे भिंतीला धरून. पंगतीत मांडी घालता येत नाही, मग त्याच्यासाठी खुर्ची येते आणि सगळ्यांच्या माना वर होतात. देवळात जाताना बूट काढायचा तर पायाची उंचीच बदलते. पावसात अंगणात चिखल. सॉकेटमध्ये, म्हणजे नकली पायाच्या खोबणीत, घाम साचून स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, सोलवटतो, मग पाय घालवत नाही, आणि घरचे म्हणतात एवढा चांगला पाय दिलाय सरकारने, घालत का नाही. या एकेका गोष्टीत त्याला दिवसातून वीस वेळा आठवण करून दिली जाते की तू आता पहिल्यासारखा नाहीस, तेही ज्या घरात तो सगळ्यात ताकदवान माणूस होता त्याच घरात. म्हणून माझी पहिली सूचना सगळ्यांना एकच असते आणि लोकांना ती फार साधी वाटते, आधी संडास बदला. कमोड बसवा, भिंतीला धरायला दोन दांडे लावा, अंघोळीला पक्कं स्टूल ठेवा. सत्काराच्या शालीपेक्षा त्याचा आत्मसन्मान यात जास्त आहे, हे मी अगदी मनापासून सांगते.

पाय घालत नाही याचं कारण मात्र आधी शरीरात शोधा, मनात नंतर. पहिल्या वर्षात स्टंप आक्रसतो, सॉकेट ढिलं पडतं, मग आत घासतं. मज्जातंतूच्या कापलेल्या टोकाशी गाठ झाली असेल, न्यूरोमा म्हणतात त्याला, तर ठरावीक जागी दाबलं की करंट लागतो. ब्लास्टच्या जखमेत स्टंपमध्ये नको तिथे हाडही वाढतं. हे सगळं तपासून घ्यायला त्याला पुण्याला परत न्या, सॉकेट बदलून मिळतं, त्यात लाजायचं काही नाही. हे सगळं ठीक असूनही पाय कोपऱ्यातच राहिला तर मग मनाचं बघायचं.

आता बोटं पिळवटतात ते. याला फँटम पेन म्हणतात आणि कृपा करून त्याला "वेड लागलंय का" असं कोणी म्हणू देऊ नका. अमेरिकन यादवी युद्धात हातपाय कापलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ मध्येच हे लिहून ठेवलंय आणि फँटम हा शब्दही त्याचाच. पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा जात नाही, कापलेल्या नसांकडून उलटसुलट सिग्नल येत राहतात आणि मेंदू त्याचा अर्थ पाय आहे असाच लावतो. बऱ्याच जवानांना तो पाय शेवटच्या क्षणी जसा होता तसाच जाणवतो, बुटात आवळलेला, बोटं आत वळलेली. म्हणजे त्याच्यासाठी दर रात्री तो क्षण शरीरातच चालू असतो. म्हणून दुखणं आणि स्फोटाची आठवण या दोन वेगळ्या फाइली समजू नका, एक वाढलं की दुसरं वाढतं. इराकमध्ये जखमी झालेल्या ६९६ अमेरिकन सैनिकांच्या रेकॉर्डवरून २०१० मध्ये असं दिसलं की ज्यांना जखमेनंतर लगेच मॉर्फिन मिळालं होतं त्यांच्यात पुढे पीटीएसडी कमी निघाला. हा नुसत्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे, पक्का पुरावा नाही, पण इतक्या वर्षांत मी जे बघितलं त्याच्याशी तो जुळतो, दुखणं अंगावर काढणारा जवान मनानेही जास्त खचतो. फौजेत सहन करायची सवय असते, त्यामुळे दहापैकी किती दुखतंय विचारलं की चार सांगतात आणि चेहरा आठ सांगत असतो.

यावर घरी करता येण्यासारखा एक उपाय आहे, आरसा. चेन्नईत डॉक्टरी शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हे शोधलं. खाटेवर पाय लांब करून बसायचं, दोन पायांच्या मधे उभा लांबडा आरसा ठेवायचा, त्याचं तोंड चांगल्या पायाकडे, आणि स्टंप आरशाच्या मागे झाकलेला. आरशात बघितलं की दोन पाय दिसतात. मग चांगला पाय हळूहळू हलवायचा, बोटं उघडायची-मिटायची, घोटा फिरवायचा, आणि त्याच वेळी मनाने तो नसलेला पायही तसाच हलवायचा. रोज १५ मिनिटं, निदान चार आठवडे. २००७ मध्ये वॉल्टर रीडमध्येच पाय गमावलेल्यांवर याची चाचणी झाली, २२ जण होते, आरशाच्या गटातल्या सगळ्यांचं दुखणं कमी झालं, झाकलेल्या आरशाच्या किंवा नुसती कल्पना करण्याच्या गटात तसं झालं नाही. चाचणी छोटी होती, सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, पण यात खर्च नाही आणि आपलं काही जात नाही. काच दुकानातून कपाटाच्या मापाचा आरसा आणा, कडा चिकटपट्टीने बंद करा. पहिल्यांदा मात्र फिजिओसमोर करा, निदान घरातलं कोणी शेजारी बसा, कारण अचानक दोन पाय दिसले की काही जण हमसून रडतात. रडला तर रडू द्या. आरसा काढून घेऊ नका, त्याला विचारा थांबायचं का. याशिवाय नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिन, प्रेगाबालिनसारख्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरनीच ठरवायच्या. साधी पेनकिलर इथे फारशी चालत नाही.

आता स्फोटाकडे येते. माइनच्या जखमेत एक गोष्ट गोळीच्या जखमेपेक्षा वेगळी असते आणि त्यावर फार कमी बोललं जातं. गोळी मारणारा कोणीतरी असतो. माइनला तोंड नसतं. एलओसीवर पावसाने आणि बर्फाने जमीन सरकते तशा माइन्सही जागा सोडतात, आणि कित्येकदा पाय पडतो तो आपल्याच बाजूने पेरलेल्या, वाहत आलेल्या माइनवर. मग राग काढायचा कोणावर? तो राग फिरून स्वतःवर येतो. मी डावीकडून का गेलो, मी खाली का बघितलं नाही, पुढचा जिथे पाय ठेवत होता तिथेच का नाही ठेवला. आणि जर शेजारचा साथीदार गेला असेल तर मग प्रश्नच नको, आपण जगलो याचीच शरम वाटते. तुमच्या भावाबरोबर त्या दिवशी कोण होतं, त्यांचं काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या पत्रात नाहीये. बऱ्याच घरांना माहीत नसतं. खोदून विचारू नका, पण त्याने कधी एखादं नाव घेतलं तर विषय बदलू नका, फक्त "कसा होता तो?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

दुसरी वेगळी गोष्ट म्हणजे जमीन. साधी पायाखालची जमीन. मी कितीतरी जण बघितलेत जे डांबरी रस्त्यावर छान चालतात पण शेताच्या बांधावर जात नाहीत, मऊ मातीवर, गवतावर पाय ठेवायचा म्हटलं की घाम फुटतो. घरचे म्हणतात शेतात येत नाही, आळशी झालाय. तुमचं घर शेतीवालं आहे, हे नक्की बघा. आवाज तर सगळ्यांना कळतो, वरातीतले फटाके, सुतळी बॉम्ब, टायर फुटणं. वासाचं कोणाच्या लक्षात येत नाही. बोकडाची मुंडी भाजतात तो वास काही जणांना सहन होत नाही, ते ताटावरून उठून जातात आणि का ते सांगत नाहीत कारण सांगायला शब्दच नसतात. जत्रेत, दिवाळीत त्याला आधी सांगा की आज फटाके आहेत, कुठे थांबायचं ते त्याने ठरवावं. आधी माहीत असलेला आवाज शरीर बऱ्यापैकी झेलतं, अचानक आलेला झेलत नाही.

म्हणूनच सत्काराचं सांगते. आपल्याकडे, विशेषतः सातारा-कोल्हापूर-सांगली पट्ट्यात, अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारखी गावं आहेत जिथे घराघरात फौजी, तिथे या मुलांवर गावाचं खरोखर प्रेम असतं आणि ते प्रेम दाखवायची आपली एकच पद्धत, हार, शाल, श्रीफळ, भाषण आणि फटाक्यांची माळ. स्टेजवर तो ताठ उभा असतो आणि आत शर्ट भिजलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे एकदा "शूरवीर" म्हणून उभं केलं की त्याला रडायची, घाबरायची सोयच उरत नाही. सगळ्या गावाने वाघ म्हटलेला माणूस रात्री दोन वाजता आईला कसं सांगणार की मला भीती वाटते. सत्कार नकोच असं मी म्हणत नाही, त्याला आधी विचारा, फटाके बंद, भाषण छोटं, आणि तो नाही म्हणाला तर तुम्ही बहीण म्हणून मधे उभ्या राहा.

याच धर्तीवर, त्याला मोबाइलवर प्रेरणादायी व्हिडिओ पाठवणं थांबवा. मला या लोकांबद्दल अतोनात आदर आहे म्हणूनच सांगते. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं, मधे सात वर्षं गेली. मेजर डी. पी. सिंग कारगिलमध्ये १९९९ ला जखमी झाले, पाय गेला, पहिली हाफ मॅरेथॉन २००९ ला धावले. नागालँडचे होकातो सेमा यांचा पाय २००२ मध्ये काश्मीरमध्ये माइनमध्ये गेला, गोळाफेकीत पॅरिसला कांस्य मिळालं २०२४ मध्ये. व्हिडिओत ती मधली वर्षं कधी दिसत नाहीत, फक्त पदक दिसतं. आठव्या महिन्यात ते बघून त्याला प्रेरणा मिळत नाही, त्याला वाटतं मीच कमकुवत. मेजर जनरल इयन कार्डोझोंनी १९७१ मध्ये स्वतःचा पाय स्वतः खुकरीने कापला हे सगळे सांगतात. माझ्या पेशंटना मी त्यापुढचं सांगते, की नकली पायाने बटालियन कमांड करता येते हे पटवून द्यायला त्यांना पुढे फौजेतल्याच वरिष्ठांशी भांडावं लागलं. तो भाग त्यांच्या कामाचा आहे. उपयोग होतो तो जिवंत माणसाचा. पाय जाऊन तीन-चार वर्षं झालेला, आता कुठल्यातरी ऑफिसात काम करणारा, मुलाला स्कूटरवरून शाळेत सोडणारा असा एखादा जवान गाठा. युनिटमार्फत किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून असा माणूस मिळतो. तो एक तास येऊन बसला तर मी दहा सेशनमध्ये जे करीन ते कधीकधी होऊन जातं.

खेळाचं म्हणाल तर खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर दलाच्या, सेंटरमध्ये आर्मी पॅरालिम्पिक नोड आहे, तिथे हातपाय गमावलेल्या जवानांना तयार करतात. त्याला खेळाची आवड असेल तर त्याच्या कानावर एकदा घालून ठेवा. मागे लागू नका.

आई सतत म्हणते ना, "पाय वाचवता आला असता, डॉक्टरनी घाई केली"? तुमच्या पत्रात ते वाक्य आहे. ते घरात बंद करा, प्रेमाने पण ठामपणे. माइनच्या स्फोटात बुटाचे तुकडे, माती, हाडाचे कण पार वर स्नायूंत घुसतात, ती जखम वरून दिसते त्यापेक्षा खूप वरपर्यंत खराब असते. आणि पाय वाचवणं म्हणजे नेहमी चांगलंच असं नाही. ३२४ अमेरिकन सैनिकांचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला, पाय गंभीर जखमी झालेले, काहींचा कापलेला, काहींचा वाचवलेला. ज्यांचा कापला होता त्यांची हालचाल जास्त चांगली निघाली आणि पीटीएसडीचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. आईला हे आकडे सांगू नका, तिला एवढंच सांगा की डॉक्टरनी त्याला चालता ठेवलाय. ती जेव्हा जेव्हा ते वाक्य म्हणते तेव्हा त्याला ऐकू येतं की जे झालं ते टाळता आलं असतं, आणि तो आधीच रात्रभर तेच मोजत असतो.

उपचाराचं आता. लक्षणं महिन्याच्या वर टिकली, म्हणजे तेच स्वप्न, दचकणं, झोप नाही, माणसं टाळणं, चिडचिड, सगळ्यातून मन उडणं, तर त्याला सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट दोघांची गरज आहे. पीटीएसडीवर बोलण्याचे खास उपचार आहेत, ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, प्रोलाँग्ड एक्स्पोजर, ईएमडीआर. तिन्हींत पद्धत वेगळी असली तरी सुरक्षित जागी, शिकलेल्या माणसाबरोबर, हळूहळू त्या आठवणीजवळ जायचं असतं, तेही साधारण आठवड्याला एक असं दोन-तीन महिने. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात, तेव्हा तुम्ही त्याला धरून ठेवा. हे घरी तुम्ही करायचं नाही. "सगळं सांगून टाक, मन मोकळं होईल" म्हणून रात्री बसवून सगळं वदवून घेणं अपायकारक ठरू शकतं. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचाही उपयोग होतो, असर यायला तीन-चार आठवडे लागतात. गावातल्या मेडिकलमधून झोपेची म्हणून अल्प्राझोलाम आणून देऊ नका, सवय लागते आणि पीटीएसडी त्याने बरा होत नाही. आणि डॉक्टरला हे आवर्जून सांगा की स्फोटात डोक्याला हादरा बसला होता का, थोडा वेळ शुद्ध गेली होती का. ब्लास्टने मेंदूला मुका मार बसला असेल तरी विसरणं, चिडणं, डोकेदुखी असते, दिसायला सगळं सारखंच, पण बघायचं वेगळ्या पद्धतीने असतं.

तो जायला तयार होणार नाही, हे मी गृहीत धरते. का ते सांगते. फौजेत मेडिकल कॅटेगरी शेप (SHAPE) या पाच अक्षरांनी ठरते, त्यात ए म्हणजे हातपाय आणि पहिलंच अक्षर एस, ते मनाचं. पाय गेल्यावर ए खाली जाणारच, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. एस खाली गेला तर मात्र युनिटमध्ये काय म्हणतील, कॅटेगरी पुन्हा ठरवणाऱ्या रीकॅट बोर्डात काय होईल, पुढे नोकरीत ठेवतील का, ही भीती त्याच्या डोक्यात असते आणि ती खुळी भीती नाही. म्हणून त्याला "तुला डिप्रेशन आलंय, मानसोपचाराला चल" असं म्हणू नका. झोप आणि दुखणं, या दोन गोष्टींसाठी चल म्हणा. दोन्ही खऱ्या तक्रारी आहेत, दोन्हींवर उपाय आहे आणि दार तिथूनच उघडतं. फोनवरून सुरुवात करायची असेल तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, आणि फौजेतल्या लोकांसाठी पुण्यात एएफएमसी या फौजेच्या मेडिकल कॉलेजमध्ये तिचा वेगळा सेल डिसेंबर २०२३ पासून आहे.

दारूचं विचारायला तुम्हाला अवघड वाटलं असेल पण मी विचारते. कॅन्टीनचा कोटा महिन्याच्या आधी संपतोय का? झोपेसाठी म्हणून दोन पेग सुरू होतात, झोप लागते, पण पहाटे तीनला तीच स्वप्नं जास्त जोरात येतात. भांडू नका, डॉक्टरला मात्र नक्की सांगा, कारण गोळ्या त्यावर ठरतात.

आणि हे सगळ्यात गंभीर. "मी नसतो तर बरं झालं असतं", "तिथेच संपलो असतो तर घराला पैसे तरी मिळाले असते" असं काही बोलतोय का, सामान वाटून टाकतोय का, अचानक खूप शांत झालाय का? असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका. घरात फवारणीची औषधं असतील तर आजच दुसऱ्याच्या घरी ठेवा, लायसन्सची बंदूक असेल तीही घराबाहेर काढा. तो वाईट क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेच माणसं वाचतात.

घरात त्याला काम द्या. खरं काम, मन रमवायला म्हणून दिलेलं नाही. दुधाचा हिशेब, बँकेचं, भाच्याचा अभ्यास, मोटर दुरुस्त करून आणणं. पाणी हातात आणून देणं बंद करा, पडेल म्हणून मागे मागे फिरणं बंद करा, पडला तर उठायचं त्याला शिकवलेलं असतं. आईला हे फार जड जाईल. आणि कागदपत्रं, म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, बोर्डाचे कागद, डिस्चार्ज समरी, यांच्या तीन-तीन झेरॉक्स करून तुम्ही स्वतः सांभाळा. बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लष्करी कारवाईत जखमी, म्हणून नोंद झाली आहे का ते बघा, पुढे पेन्शन त्यावर अवलंबून असतं. एकेका कागदासाठी पुन्हा पुन्हा "कसं झालं, कुठे झालं" सांगावं लागणं हा या मुलांना दिला जाणारा विनाकारण त्रास आहे आणि मला त्याची खरंच चीड येते. फॉर्म तुम्ही भरा, सही त्याने करावी.

शेवटी लग्न. थांबवा. रद्द नाही, थांबवा, निदान त्याची झोप लागेपर्यंत आणि उपचार सुरू होऊन काही महिने होईपर्यंत. "लग्न झालं की सुधारेल" म्हणून आणलेल्या मुलीवर आपण काय लादतोय ते बघा, ती बायको होण्याआधी नर्स होते. पाय गेला म्हणून संसार होत नाही असं मुळीच नाही, माझ्या ओळखीतले कितीतरी सुखाने नांदतायत. पण त्याच्या मनात एक प्रश्न असणार जो तो तुम्हाला कधीच विचारणार नाही, की कोणासमोर पाय काढून बसायचं कसं, मला बघून तिला कसं वाटेल, मी नवरा म्हणून पुरा पडेन का. माइनचा मार वर मांड्यांपर्यंत आणि त्याच्याही वर लागलेला असू शकतो, त्याबद्दल डॉक्टरशी त्याने एकट्याने बोलायला हवं, घरचं कोणी खोलीत नको. हा विषय कोणी पुरुष डॉक्टर किंवा लग्न झालेला जखमी साथीदार काढेल तर सोपं जातं. स्थळ आधीच पक्कं असेल तर त्या मुलीला आणि त्याला दोन-तीनदा नीट भेटू द्या, मोठी माणसं बाजूला. पाय कसा गेला, रात्री काय होतं, औषधं चालू आहेत, हे तिला त्याने सांगायचं, मध्यस्थाने नाही आणि तुम्हीपण नाही. तो सांगायला तयार नसेल तर अजून वेळ झालेली नाही एवढं समजा, आणि मुलीकडच्यांना तारीख पुढे गेल्याचं तुम्हीच कळवा, म्हणजे तो फोन त्याला करावा लागणार नाही.